वाळूचा ताळेबंद

मराठवाड्यातल्या माणसाला वाळूचे उपयोग शिकवायची गरज नाही. स्लॅब टाकायला वाळू लागते, फुटाणे भाजायला वाळू लागते आणि उन्हाळ्यात माठाखाली ओली वाळू लागते. आमच्या नांदेडात तर गोदावरीच्या कृपेनं वाळू हा गप्पांचाही विषय आहे. घर बांधणारा माणूस भेटला की पूर्वी लोक "किती खोल्या?" असं विचारत. आता "वाळू मिळाली का?" असं विचारतात, आणि तो "मिळाली" म्हणाला की त्याच्या पोराचा एमबीबीएसला नंबर लागल्यासारखं त्याच्याकडं बघतात. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. ब्रास, टिप्पर आणि अंदाजपत्रक या शब्दांखेरीज वाळूचा विचार मला करता येत नाही. त्यामुळे माणसाच्या मनावर वाळूनं उपचार करतात असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "किती ब्रास?"

उत्तर ऐकून अपेक्षाभंग झाला. लागते ती साधारण ७२ सेंटिमीटर लांब, ५७ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर खोल अशी एक पेटी. तीही काठोकाठ नाही, अर्धीच भरायची. सवयीनं हिशेब केला. अर्धा घनफूट वाळू झाली. म्हणजे एका ब्रासात दोनशे माणसांच्या मनांची सोय होते. एवढ्या वाळूत आमच्याकडं न्हाणीघराचा उंबरठासुद्धा होत नाही.

हा विषय आमच्या घरात आला तो लातूर पॅटर्नच्या वाटेनं. लातूर पॅटर्न म्हणजे काय हे महाराष्ट्राला माहीत आहे. दहावीला बरे गुण पडले की पोराला लातूरला ठेवायचं, एक खोली भाड्यानं घ्यायची, स्वयंपाकाला आणि पहाऱ्याला घरातलं एक म्हातारं माणूस सोबत द्यायचं आणि डॉक्टर व्हायची वाट बघायची. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी अशीच औसा तालुक्यातून लातूरला आली. सोबत तिची आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई. दाजी सोयाबीन बघणार, ताई घर बघणार, आजी भाकरी बघणार आणि भाची पुस्तक बघणार, अशी कामाची वाटणी झाली. मामा नांदेडात, बँकेत, म्हणजे बसल्या खुर्चीवर पगार घेणारा. त्यानं अडीअडचण बघायची.

आता या परीक्षेचा नियम असा. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, आणि उत्तरच दिलं नाही तर शून्य. म्हणजे तोंड उघडलं तर वजा व्हायची भीती आणि गप्प राहिलं तर नुकसान काहीच नाही. भाचीनं दुसऱ्या वर्षी हे तत्त्व आयुष्याला लावलं. ती बोलायचीच थांबली. आधी टेस्टच्या दिवशी बोलेना, मग टेस्टच्या आदल्या दिवशी बोलेना. आणि लातुरात असा दिवस नसतो की जो कुठल्या ना कुठल्या टेस्टच्या आदला नाही. जेवण अर्ध्यावर आलं. रात्री दिवा चालू, पुस्तक उघडं आणि पान दोन-दोन तास तेच.

आपल्याकडं घरात कुणी आजारी पडलं की आधी नातेवाइकांचं वैद्यकीय मंडळ बसतं. दाजींचं निदान, "मोबाइल काढून घ्या." माझ्या हेड कॅशियरचं निदान, "कॅल्शियम कमी असेल." शेजारच्या खोलीतल्या काकूंनी बी-बारा सुचवलं. आजीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली आणि त्या मोहऱ्या इतक्या तडतडल्या की अख्ख्या लातूरची नजर पोरीला लागली असावी असं ठरलं. थायरॉइडची तपासणी झाली. ती बिचारी नॉर्मल निघाली. शेवटी ताई म्हणाली, "दादा, मनाच्या डॉक्टरकडं नेऊ या का?" हे वाक्य तिनं फोनवरसुद्धा इतक्या हळू म्हटलं की मी दोनदा "काय?" केलं. वेड्यांचा डॉक्टर म्हणायची आपली जुनी खोड. ती जायला वेळ लागतो. पण गेलो. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, थोड्या दिवसांसाठी गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, "हिला बोलायला लावू नका. एक समुपदेशक मॅडम आहेत, त्या चित्रं आणि वाळू घेऊन काम करतात. तिकडं पाठवा. बोलणं मागून येईल."

२०१५ सालापासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. लोकांना वाटतं, बँकवाले त्या दिवशी झोपा काढतात. मी लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा प्रवास करून लातूर गाठायचो. मधल्या शनिवारी भाची आजीबरोबर जायची. त्या पाच-सहा महिन्यांत मला जे कळलं ते इथं लिहितो, कारण आमच्यासारखी पुष्कळ घरं हल्ली त्या जिन्यावर चपला काढत असणार.

जिना औसा रोडच्या एका गल्लीतला, झेरॉक्सच्या दुकानावरून वर जाणारा. खोलीत ना पांढरा कोट, ना स्टेथोस्कोप. एका भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर जत्रेतलं अख्खं दुकान मांडलेलं. वाघ, साप, गाई, पोळ्याचे मातीचे बैल, झाडं, कुंपणाचे तुकडे, पूल, घरं, देऊळ, मशीद, लाल एसटी, शिपाई, नवरा-नवरी, बाळ, राक्षस, दवाखान्याची खाट, शिंपले, गोटे, भातुकलीची पितळी भांडी. काही वस्तू मुद्दाम मोडक्या ठेवलेल्या. समोर दोन पेट्या, एकीत कोरडी वाळू, दुसरीत ओली करता येईल अशी. पेटी आतून निळी रंगवलेली. वाळू बाजूला सारली की खाली निळं दिसतं. ज्याला नदी पाहिजे त्याला नदी, ज्याला समुद्र पाहिजे त्याला समुद्र. मांजरा कोरडी पडली म्हणून ज्या लातुरानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या लातुरात नुसत्या बोटानं पाणी लागतं हे बघून मला फार समाधान वाटलं.

"हे खूळ कुठून निघालं?" असं दाजींनी विचारलं तेव्हा मी मॅडमकडून माहिती काढली. गंमत अशी की याच्या मुळाशी डॉक्टर नाही, एक लेखक आहे. एच. जी. वेल्स हा इंग्रज लेखक आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळण्यांची गावं आणि बेटं मांडायचा. त्यावर त्यानं १९११ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. ते मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात राहिलं. त्यांनी १९२८ साली लंडनमध्ये मुलांसाठी दवाखाना काढला, तिथं खेळणी आणि वाळूचं तबक ठेवलं, आणि मुलं त्या मांडणीला आपण होऊन 'जग' म्हणू लागली. पुढं डोरा काल्फ नावाच्या स्विस बाई १९५६ साली लंडनला येऊन हे शिकून गेल्या. त्यांनी त्याला युंगच्या मानसशास्त्राची जोड दिली आणि १९६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. खुद्द युंगसाहेबांची कथा तर फारच छान. १९१३ साली फ्रॉइडशी फाटल्यावर हा अडतिशीचा नामांकित डॉक्टर रोज झुरिकच्या तळ्याकाठी जाऊन दगडगोट्यांची घरं आणि देऊळ मांडत बसायचा. आपल्याकडं एखाद्या डॉक्टरानं असं केलं असतं तर पेशंटांनी फायली परत मागितल्या असत्या. जपानात हायाओ कावाई यांनी १९६५ साली ही पद्धत नेली, तर तिथल्या लोकांना ती ओळखीचीच वाटली. पेटीत छोटी बाग मांडायची कला त्यांच्याकडं होतीच. चित्रांची बाजू वेगळ्या घरातून आली. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाच्या दवाखान्यात पडून होता. खाटेवर बसून तो चित्रं काढायचा. त्यात आपलं आपल्याला बरं वाटतं असं बघून तो शेजारच्या खाटांना शिकवू लागला, आणि त्यानंच १९४२ साली या प्रकाराला 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं.

हे सगळं ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे आपली भातुकलीच की!" आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. पोळ्याला मातीचे बैल करणारी, दिवाळीला अंगणात किल्ला करणारी, बाहुला-बाहुलीचं लग्न लावून वरमाईची भांडणंसुद्धा हुबेहूब करणारी आपली पोरं. फरक एवढाच की भातुकलीत आई आतून ओरडते, "आवरा आता ते!" इथं कुणी ओरडत नाही. आणि समोर बसलेलं एक शिकलेलं माणूस तुमची भातुकली पन्नास मिनिटं मन लावून बघतं.

तेव्हा तिथं काय होतं म्हणाल, तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. याची मनाची तयारी ठेवावी. भाचीला पहिल्या दिवशी कागद आणि रंगखडू दिले. दाजींना आधीच शंका होती, कारण हिला इंटरमीजिएटला 'सी' ग्रेड होती. चित्रकलाच कच्ची, तर उपचार लागू कसा पडणार? मॅडमनी त्यांना सांगितलं की इथं चांगलं चित्र आणि वाईट चित्र असा भेद नाही. ग्रेड नाही आणि वजा गुणही नाहीत. भाचीनं त्या दिवशी कोरा कागद परत दिला. खाली आल्यावर आजीनं विचारलं, "काय केलंस गं?" ती म्हणाली, "काही नाही. दोघी बसलो." हे फोनवरून दाजींना कळवलं तेव्हा पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "बसायचे पैसे?"

तिसऱ्या-चौथ्या वेळी वाळू आली. मुलानं पाहिजे त्या वस्तू उचलायच्या, पाहिजे तिथं ठेवायच्या, काढायच्या, पुरायच्या, नाहीतर नुसती वाळूत बोटं फिरवत बसायचं. गोष्ट सांगावीशी वाटली तर सांगायची, नाहीतर नाही. मॅडम मध्ये हात घालत नाहीत. "इथं झाड कामून ठेवलंस?" असं विचारत नाहीत. वेळ संपला की मांडणीचा फोटो काढतात, आणि मूल खोलीतून गेल्यावरच पेटी आवरतात. त्याच्यादेखत मोडत नाहीत. दर आठवड्याचे फोटो फायलीत राहतात आणि बऱ्याच दिवसांनी दोघींनी मिळून बघायचे असतात. ही फाईल आईबापाला दाखवत नाहीत. मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र घरच्यांना सांगतात. हे पहिल्याच भेटीत मुलाला आणि आपल्याला दोघांनाही स्पष्ट करतात.

इथं माझ्यातला कारकून अडला. बँकेत व्हाउचरशिवाय आम्ही शाईचा टिपकासुद्धा हलवत नाही. मी मॅडमना विचारलं, "मांडलेल्या वस्तूंचा अर्थ काय ते लिहून ठेवता का? साप म्हणजे अमुक, पूल म्हणजे तमुक, असा काही तक्ता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सापाचा अर्थ ज्यानं साप ठेवला त्याला ठाऊक. कधी त्यालाही नसतो. घाईनं अर्थ लावला तर तो माझा होतो, तिचा राहत नाही."

मग मला आमचं सस्पेन्स खातं आठवलं. बँकेत एखादी रक्कम येते, पण ती कुणाच्या खात्याची, कुठल्या शीर्षकाखालची, ते सापडत नाही. ती फेकता येत नाही आणि भलत्या खात्यात टाकताही येत नाही. अशा वेळी ती सस्पेन्स खात्यात ठेवायची. नाव नसलं तरी नोंद पाहिजे. पुढं सावकाश कागद सापडतो आणि रक्कम आपल्या घरी जाते. नोंदच केली नाही, तर मात्र रात्री दहा वाजले तरी त्या दिवसाची कॅश टॅली होत नाही आणि सगळा स्टाफ उपाशी बसतो. भाचीचं तेच झालं होतं. काहीतरी जमा झालेलं होतं, त्याला शीर्षक नव्हतं, आणि आम्ही सगळे कॅल्शियम, मोबाइल आणि दृष्ट ही आमच्या घरची शीर्षकं तिच्यावर लिहीत होतो. वाळूची पेटी हे सस्पेन्स खातं आहे, एवढं मला समजलं. ऑडिटरला सस्पेन्स खातं आवडत नाही. आईबापालाही आवडत नाही. त्याला इलाज नाही.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. ही जादू नाही. एखाद्या शनिवारी मूल तिथून मोकळं होऊन येतं, एखाद्या शनिवारी जास्तच चिडकं होऊन येतं किंवा रडतं. त्यावरून लगेच उपचार बदलू नये, मॅडमना सांगावं. किती भेटी लागतील याचा हप्ता आधी बांधून मिळत नाही. या पद्धतीवरचे अभ्यास बरेचसे थोड्या माणसांवरचे आहेत, त्यामुळं छातीठोक हमी देणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर वाळू सुरू झाली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. समोरच्या माणसाचं शिक्षण काय, ही पद्धत कुणाच्या देखरेखीखाली शिकले, हे विचारायला लाजू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघावा. कर्ज देताना आम्ही जामीनदाराचा सात-बारा बघतो, मग पोरगी ज्याच्या हवाली करायची त्याचा कागद बघायला काय हरकत आहे? अगदीच कुठं जायचं ते सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे. २०२२ सालापासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि विमा असेल तर २०१७च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचा आजारही शरीराच्या आजाराच्याच पंक्तीला बसवायला सांगितलं आहे. फक्त पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायला एखादा बँकेतला मामा सोबत न्यावा.

हे झालं भाचीचं. आजी मात्र या सगळ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. ती किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिकडं काय झालं ते सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन, गावं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं. उन्हाळ्यात गार, पण कोसळली तेव्हा उठायला उसंत दिली नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी, सरळ रेषेत, आखून वसवली. भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलांना शिकायला पुण्याला नेलं. नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं. दिल्लीच्या एम्समधून मनाचे डॉक्टरही आले, त्यांचा अभ्यास १९९६ साली अमेरिकेतल्या मासिकात छापूनही आला. पण तेव्हा वाळूच्या पेट्या कुठल्या? चीनमध्ये सिचुआनला २००८ साली मोठा भूकंप झाला तेव्हा तिथल्या मुलांसाठी त्या नेल्या. आमच्या आजीच्या वाट्याला पत्रा, सिमेंट, धान्य आणि नंतर नवं घर आलं. त्या नव्या घरात ती आजवर बारा महिने व्हरांड्यात झोपते. लातूरच्या भाड्याच्या खोलीतसुद्धा दाराला डोकं लावून. दाजींना पाठचा एक भाऊ होता आणि तो त्या पहाटे गेला, एवढं मला ताईच्या लग्नात कुणीतरी कानात सांगितलं होतं. आजीच्या तोंडून कधी नाव ऐकलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तिला त्रास कशाला, असं आपण म्हणतो.

एका चौथ्या शनिवारी भाची आत असताना आजी मला म्हणाली, "पाव्हणं, ह्या बाई वाळूत पोरीला काय शिकवायल्यात?" मी म्हणालो, "मावशी, काही शिकवत नाहीत. गाव मांडायचं असतं." ती गप्प बसली. भाची बाहेर आली तेव्हा आजी दारातून आत बघत होती. मॅडमनी विचारलं, "आजी, हात लावून बघायचाय का? हिचा वेळ हिचा झाला. तुम्हाला वेगळा वेळ देते."

दुसऱ्या फेरीला आजीचा वेळ होता. आम्ही दोघं मामा-भाची पायरीवर. पन्नास मिनिटं आतून आवाज नाही. मग आजीनंच दार उघडलं. "पाव्हणं, हिकडं या. ये गं पोरी. आमचं गाव बघा." मॅडमनी मान हलवली, म्हणून आम्ही आत गेलो.

पेटीत नवं, आखलेलं गाव नव्हतं. जुनं होतं. वेडीवाकडी बोळं, मधे मारुतीचं देऊळ, वेस म्हणून दोन गोटे, आडाच्या जागी पितळी लोटी. आजी बोट फिरवत सांगत होती, "ही वेस. ह्यो आड. हितं पोरांनी गणपती बसवला हुता. ह्यो आपला वाडा." वाड्यापुढं अंगण सपाट केलेलं होतं. त्यात दवाखान्याची ती खाट ठेवलेली, आणि खाटेवर एक मातीचा लहानसा पोरगा आडवा निजवलेला. शेजारी पोळ्याचा एक बैल.

"घरात उकडायलंय, म्या अंगणात झोपतो, म्हणला हुता," आजी म्हणाली. "म्या म्हणलं, पावसाचे दिस हायती, आत ये."

कुणीच काही बोललं नाही. भाचीनं आजीचा हात धरला. मग आजीनं खाटेभोवतीची वाळू बोटानं जरा सारखी केली, खाट थोडी आणखी वाड्यापासून लांब सरकवली, आणि पदराला हात पुसले. मॅडमनी फोटो काढला. याचा अर्थ काय, असं मी त्यांना विचारलं नाही.

जिना उतरताना भाचीनं विचारलं, "आजी, काकाचं नाव काय होतं?" आजीनं सांगितलं. त्या रात्री लातूरच्या खोलीत दिवा उशिरापर्यंत चालू होता, पण पुस्तक बंद होतं. दोघी बोलत होत्या. हे शेजारच्या काकूंनी मला तक्रार म्हणून सांगितलं.

आजी अजूनही दाराशीच झोपते. त्यात फरक पडलेला नाही आणि पडलाच पाहिजे असंही नाही. भाचीचं म्हणाल तर ती हळूहळू जेवू लागली, मग बोलू लागली, आणि एक दिवस भाजीत मीठ कमी म्हणून आजीशी कडकडून भांडली. हे ऐकून ताईनं गावाकडं पेढे वाटले. गुण किती पडले, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. बँकेतही सगळ्यांनी तेच विचारलं. तो आकडा या ताळेबंदात येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला तो जिना चढायची वेळ आली तर मुलाला जुने कपडे घाला, वाळू फार चिकटते. स्वतः वाचायला एखादं जाडसर पुस्तक न्या, म्हणजे दाराला कान लागत नाही. आणि मूल बाहेर आलं की "काय मांडलंस? काय काढलंस? मॅडम काय म्हणाल्या?" असे प्रश्न गिळून टाका. आम्ही तिघं गंजगोलाईत जाऊन गरम भजी खायचो. मुलाला विचारायचा खरा प्रश्न एकच आहे, "भूक लागली का?" मराठवाड्यात तो कुणालाही, कधीही विचारता येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा खरं मिळतं.